गिनी: आजीचे 1918 चे नाणे आणि मुलीने आणलेले 2019 चे

आमच्या घरात या ब्रिटिश सोन्याच्या नाण्याला कोणी कधी सॉव्हरिन म्हटले नाही. ते नेहमी गिनीच होते. खरे तर गिनी हे इंग्लंडचे वेगळे नाणे, 1663 ते 1814 या काळात पडलेले, सॉव्हरिनपेक्षा थोडे जड आणि पुढे 21 शिलिंगांना ठरलेले. सॉव्हरिन 20 शिलिंगांचे, म्हणजे बरोबर एका पौंडाचे. पण मराठी घरांत आणि सराफ्यात जुने नाव नव्या नाण्याला चिकटले, आणि 22 कॅरटच्या सोन्यालाही 'गिनीचे सोने' म्हणण्याची रीत पडली. या परीक्षणात मीही दोन्ही नावे वापरणार आहे. माझ्यासमोर दोन नाणी आहेत. एक 1918 चे, आजीच्या पितळी डब्यातून आलेले, मुंबईत पडलेले. दुसरे 2019 चे, लंडनमध्ये राहणाऱ्या माझ्या मुलीने तिथल्या एका विक्रेत्याकडून घेतलेले आणि गेल्या दिवाळीत येताना विमानतळावर जाहीर करून, कर भरून आणलेले. तिथून नाणी आणण्याचा विचार करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे, की प्रवाशांना सोन्यावर मिळणारी करसूट दागिन्यांपुरती आहे, नाण्यांना ती लागू होत नाही.

दोन्ही नाण्यांचे ठरलेले माप एकच आहे, आणि ते 1817 पासून बदललेले नाही: वजन 7.988 ग्रॅम, व्यास 22.05 मिलिमीटर, जाडी सुमारे दीड मिलिमीटर, कस 22 कॅरट, म्हणजे बारा भागांत अकरा भाग सोने. शुद्ध सोन्याचा हिशेब केला तर तो 7.322 ग्रॅम भरतो आणि उरलेले दोन तृतीयांश ग्रॅम तांबे असते. बाजारात गिनीला सरसकट आठ ग्रॅम धरतात. घेताना ते चालेल, पण विकताना आपणच 7.99 चा आग्रह धरावा, म्हणजे पुढचा हिशेब स्वच्छ राहतो.

हे तांबे पाहून आपल्याकडचे अनेक जण नाक मुरडतात. गुढीपाडव्याला किंवा दसऱ्याला चोख सोन्याची वेढणी घेण्याची सवय असलेल्या घराला 22 कॅरटचे नाणे दुय्यम वाटणे स्वाभाविक आहे. मला मात्र या नाण्यातली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट हे तांबेच वाटते. शुद्ध सोने इतके मऊ असते, की त्याचे नाणे नुसते हातोहात फिरले तरी झिजते आणि टेबलावर पडले तरी कडेला खळगा पडतो. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळात, 1526 च्या सुमारास, हा 22 कॅरटचा कस नाण्यांसाठी प्रथम वापरात आला तो याच कारणाने: नाणे व्यवहारात टिकले पाहिजे. तांब्यामुळे धातूला कडकपणा येतो आणि रंगात लालसर झाक येते. आमची दोन्ही नाणी दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कापडावर ठेवली तर ही झाक स्पष्ट दिसते, आणि शेजारी ठेवलेले 24 कॅरटचे वळे तुलनेने फिकट पिवळे वाटते. ज्या सॉव्हरिनमध्ये तांब्याऐवजी चांदी मिसळली गेली, उदाहरणार्थ सिडनीच्या टांकसाळीतील अगदी सुरुवातीची नाणी, त्यांचा रंग पिवळाच राहिला. तेव्हा रंग हा खरेपणाचा एकमेव निकष नाही. पण जॉर्ज पाचव्याच्या काळातील गिनी फार पिवळी दिसली तर एकदा अधिक तपासावी, हे खरे.

वजनाची परीक्षा मी ओळखीच्या सराफांच्या दुकानात, शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर केली. नवे नाणे 7.99 भरले. आजीचे 7.96 भरले, म्हणजे शंभर वर्षांत त्याची झीज झाली ती एका ग्रॅमच्या तीन-शतांशाएवढी. ब्रिटिश कायद्याने सॉव्हरिन चलनात राहण्यासाठी किमान 7.938 ग्रॅम वजन ठरवलेले होते. त्याखाली उतरलेले नाणे परत घेतले जाई. आजीची गिनी आजही त्या मर्यादेच्या वर आहे. मिश्रधातू का वापरायचा, याचे याहून सरळ उत्तर मला कुठे मिळाले नसते.

नंतर आम्ही पाण्याची परीक्षा केली. काट्यावर पाण्याचे छोटे भांडे ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात असे सोडायचे, की ते तळाला टेकणार नाही. काटा जो आकडा दाखवील तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. दोन्ही नाण्यांना तो 0.45 आला. वजनाला या आकड्याने भागले, की घनता साडेसतराच्या पुढे येते, आणि तांबे मिसळलेल्या 22 कॅरट सोन्याची घनता 17.6 च्या आसपास असते. याच आकाराचे नाणे पितळेचे असते तर चार ग्रॅमही भरले नसते. म्हणजे हलक्या धातूची नक्कल करणाऱ्याने वजन सांभाळले तर नाणे जाड होते आणि जाडी सांभाळली तर वजन उतरते. टंगस्टन शुद्ध सोन्याइतकेच जड असल्यामुळे 24 कॅरटच्या लगडीत ते लपवण्याचे प्रकार होतात. 22 कॅरटच्या या छोट्या नाण्यात मात्र निव्वळ टंगस्टन हवे त्यापेक्षा जड ठरते, आणि इतक्या कठीण धातूवर असा स्वच्छ छाप उमटवणेही अवघड. कस आणि माप एवढे काटेकोर ठेवल्याने नाण्याची परीक्षा घरच्या साधनांनीही होऊ शकते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

कडेकडे आपण सहसा पाहत नाही. सॉव्हरिनच्या काठावर चहूबाजूंनी बारीक, उभे, सारख्या अंतराचे दाते आहेत, आणि त्यांचे मूळ काम शोभेचे नाही. जुन्या काळी सोन्याच्या नाण्यांचे काठ कातरून किंवा कानशीने घासून थोडे थोडे सोने काढून घेण्याचा उद्योग चाले. दाते असले, की असा हात लागलेला तत्काळ दिसतो. नाण्याच्या दोन्ही बाजूंना सभोवती जी किंचित उंच किनार आहे, तीही रक्षणासाठीच: नाणे टेबलावर सरकले तर किनार झिजते, चित्र वाचते. आजीच्या नाण्याची किनार बोटाला गुळगुळीत लागते, दाते थोडे बोथट झाले आहेत, पण मागील बाजूच्या चित्रातील घोड्याच्या छातीचे स्नायू अजून मोजता येतात.

आता त्या घोड्याविषयी. नाण्याच्या मागील बाजूचे चित्र बेनेदेत्तो पिस्त्रुच्ची या रोममध्ये जन्मलेल्या कोरीवकामगाराचे आहे. तो मुळात रत्नांवर आणि शिंपल्यांवर उठावाची चित्रे कोरणारा. 1815 साली लंडनला आला आणि 1817 च्या नव्या सॉव्हरिनसाठी त्याचा संत जॉर्ज, म्हणजे घोड्यावरून राक्षसी सर्पाशी लढणारा ख्रिस्ती संत, निवडला गेला. पहिल्या आवृत्तीत स्वाराच्या हातात मोडलेल्या भाल्याचा दांडा होता आणि चित्राभोवती अक्षरांचा पट्टा होता. 1821 पासून हातात आखूड तलवार आली आणि पट्टा गेला. मला ही सुधारणा निर्णायक वाटते. पट्टा गेल्यामुळे चित्राला पूर्ण वर्तुळ मिळाले, आणि पिस्त्रुच्चीने त्या वर्तुळाचा एकही कोपरा वाया घालवला नाही. घोड्याची मान, मागे उडालेला झगा, शिरस्त्राणाचा तुरा आणि खाली पडलेल्या राक्षसी सर्पाचे वळलेले अंग यांच्या रेषा किनारीशी समांतर फिरतात आणि नजर पुन्हा मध्यावर, स्वाराच्या दंडावर येऊन थांबते. बावीस मिलिमीटरच्या जागेत तीन देह आहेत आणि तरीही गर्दी वाटत नाही. अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराच्या शिल्पपट्टीवरचे घोडे ज्यांनी चित्रांत पाहिले असतील त्यांना या घोड्याची जात ओळखीची वाटेल.

या चित्रावर एक जुना आक्षेप आहे, की एवढ्या आखूड तलवारीने आणि अशा बैठकीने तो सर्प मरणार नाही. आक्षेप बरोबर आहे. तलवार खरोखरच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तरीही लांब भाला वर्तुळाला छेदून गेला असता आणि चित्राचे दोन तुकडे झाले असते. आखूड तलवारीमुळे हालचाल आतच राहते. मला ही तडजोड पटते.

आमची आजी या स्वाराला खंडोबा म्हणत असे. घोडा, तलवार, पायाखाली तुडवला जाणारा शत्रू. देव्हाऱ्यातल्या चांदीच्या टाकावर ती रोज जे पाहत होती तेच तिला इथे दिसले, आणि नवरात्रात ही गिनी काही दिवस टाकाशेजारी ठेवली जाई. परक्या नाण्यावरील चित्र आपलेसे करण्याची ही रीत महाराष्ट्रात जुनी आहे. व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटवरील माणसांच्या आकृतींवरूनच त्या नाण्याला 'पुतळी' हे नाव पडले आणि त्यांची पुतळीमाळ झाली. पुढे तीच घडण इथले सोनार स्वतः करू लागले. चित्र अक्षरांवाचून कळणारे असले म्हणजे नाणे किती दूर जाऊ शकते, याचा हा पुरावा आहे, आणि सॉव्हरिनची मागची बाजू या बाबतीत आदर्श आहे: तिथे साल आणि कोपऱ्यात कोरणाऱ्याची बारीक आद्याक्षरे, एवढेच.

किंमत कुठेच लिहिलेली नाही. वजन नाही, कसही नाही. प्रथम हे उणे वाटते, कारण दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगररँडवर त्यात किती शुद्ध सोने आहे ते स्पष्ट छापलेले असते. पण मुंबईच्याच इतिहासात या मौनाची बाजू मांडणारे उदाहरण आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रमार्ग धोक्याचे झाले, रुपयांसाठी लागणाऱ्या चांदीची टंचाई झाली, आणि इथे आलेले सोने इथेच नाण्यांत घालायचे ठरले. रॉयल मिंट या ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीची शाखा सुरू होईपर्यंत मुंबईत 1918 साली सॉव्हरिनच्याच वजनाची आणि कसाची मोहर पाडली गेली, आणि तिच्यावर 'पंधरा रुपये' असे इंग्रजी अक्षरांत लिहिले होते, कारण 1899 च्या कायद्याने सॉव्हरिनचा भाव 15 रुपये ठरलेला होता. दोनच वर्षांनी, 1920 साली, सरकारने तो भाव 10 रुपये केला. मोहरेवरचा आकडा खोटा पडला. सॉव्हरिनवर आकडाच नसल्यामुळे तिच्यात काही बदलावे लागले नाही.

1918 च्याच ऑगस्टमध्ये मुंबईच्या फोर्टमधील टांकसाळीत रॉयल मिंटची शाखा सुरू झाली आणि 1919 साली बंदही झाली. या अल्प काळात सुमारे 13 लाख सॉव्हरिन पडल्या, आणि त्या सर्वांवर 1918 हेच साल आहे. त्यांची खूण म्हणजे सालाच्या वर, घोड्याखालच्या जमिनीवर कोरलेले रोमन लिपीतील 'आय' हे अक्षर, इंडियासाठीचे. सिडनीचे 'एस', मेलबर्नचे 'एम', पर्थचे 'पी', ऑटावाचे 'सी' आणि प्रिटोरियाचे 'एसए' हीही याच जागी येतात. लंडनच्या नाण्यावर अक्षर नसते. आजीच्या नाण्यावर हे अक्षर मी प्रथम भिंगातून पाहिले तेव्हा तिच्या डब्यातली वस्तू मुंबईच्याच भट्टीतून निघाली होती हे कळले, आणि त्या दिवसापासून हे नाणे माझ्यासाठी नुसते सोने राहिले नाही. पुढे 2013 पासून एमएमटीसी-पॅम्प या सोने शुद्ध करणाऱ्या कंपनीच्या हरियाणातील कारखान्यात रॉयल मिंटच्या परवान्याने सॉव्हरिन पाडल्या गेल्या आणि त्यांच्यावर तेच 'आय' पुन्हा आले. भारतात नवे नाणे घेणाऱ्याने आधी त्यांचा शोध घ्यावा.

दर्शनी बाजूला 1918 च्या नाण्यावर पाचव्या जॉर्जचे डावीकडे वळलेले मस्तक आहे, बर्ट्रम मॅकेनल या शिल्पकाराचे. भोवतीच्या लॅटिन लेखाच्या शेवटी 'इंड इंप', म्हणजे 'हिंदुस्थानचा सम्राट', असे संक्षिप्त शब्द आहेत. मुंबईत पडलेल्या नाण्यावर ते वाचताना मन अस्वस्थ होते, आणि ते व्हावेही. 2019 च्या नाण्यावर दुसऱ्या एलिझाबेथचे जोडी क्लार्कने केलेले, उजवीकडे पाहणारे चित्र आहे. राजा बदलला की तोंडाची दिशा बदलायची ही तिथली परंपरा. तिसऱ्या चार्ल्सचे मस्तक पुन्हा डावीकडे वळले आहे. शिल्प म्हणून मला मॅकेनलचे काम उजवे वाटते. त्याने मुकुट न घालता साधे मस्तक घेतले आणि गळ्यापर्यंतचा भाग वर्तुळात मोकळा ठेवला. क्लार्कच्या चित्रात मुकुटातील खडे, कानातले, केसांच्या बटा असे बारकावे पुष्कळ आहेत. ते भिंगाखाली छान दिसतात, पण हाताच्या अंतरावरून पाहिले तर पृष्ठभाग थोडा गजबजलेला वाटतो. उठावही आजच्या नाण्यात मला किंचित कमी भासला. याउलट नव्या नाण्याची धार, अक्षरांची सफाई आणि पार्श्वभूमीचा सपाटपणा निर्विवाद अधिक चांगला आहे.

नवे नाणे साध्या पारदर्शक डबीत आले. ती उघडता येते, नाणे तळहातावर घेता येते, पुन्हा ठेवता येते. हा मुद्दा क्षुल्लक नाही. आपल्या सरकारने 5 नोव्हेंबर 2015 रोजी आणलेले भारतीय सुवर्ण नाणे 24 कॅरटचे, 999 कसाचे, हॉलमार्क असलेले आहे. एका बाजूला अशोकचक्र आणि दुसऱ्या बाजूला महात्मा गांधी, 5 आणि 10 ग्रॅमची नाणी आणि 20 ग्रॅमची लगड, आणि फोडल्याशिवाय उघडता न येणारे पाकीट. शुद्धतेत ते सॉव्हरिनच्या पुढे आहे आणि त्यावरील चिन्हे आपली आहेत, याचा मला अभिमान आहे. पण त्याची विश्वासार्हता पाकिटावर फार अवलंबून राहते. असे एक बंद पाकीट भावाच्या मुलाने कुतूहलाने उघडले, आणि नंतर विकायला गेल्यावर एका दुकानदाराने नाणे वितळवून पाहिल्याशिवाय भाव सांगणार नाही असे म्हटले. 22 कॅरटचे, दाते असलेले, उघड्या हाताने हाताळण्यासाठीच घडवलेले नाणे स्वतःची साक्ष स्वतः देते. आपल्या टांकसाळींनी कधी 22 कॅरटचे असे नाणेही पाडावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. शिवरायांच्या होनाची परंपरा असलेल्या भूमीला ते शोभेल.

खोट्या गिन्यांबद्दल सावध राहायला हवे. 1932 नंतर सॉव्हरिनचे नियमित उत्पादन थांबले आणि मागणी मात्र राहिली, तेव्हा युद्धोत्तर काळात इटली आणि लेबनॉनकडे नकली सॉव्हरिनचा मोठा धंदा उभा राहिला. 1957 साली लंडनने पुन्हा नाणी पाडायला घेण्यामागे हेही एक कारण होते. गंमत म्हणजे यांतील पुष्कळ नकलांमध्ये सोने खरेच असे, त्यामुळे वजन आणि पाण्याची परीक्षा त्या पार करू शकतात. तिथे चित्रच उपयोगी पडते. सर्पाच्या अंगावरील खवले मऊ दिसणे, पार्श्वभूमीवर बारीक फोड किंवा खळगे असणे, अक्षरांची बूड गोलसर असणे, दाते असमान असणे, ही लक्षणे दहापट भिंगाखाली एका खऱ्या नाण्याशेजारी ठेवून पाहिली तर नवख्यालाही कळतात. पिस्त्रुच्चीच्या कोरीवकामाची बारीकी ही इथे सौंदर्याइतकीच पहाऱ्याची गोष्ट आहे.

पैशांविषयी थोडक्यात. लंडनमध्ये मुलीला हे नाणे त्यातील सोन्याच्या त्या दिवशीच्या किमतीपेक्षा सुमारे सहा टक्के अधिक देऊन मिळाले. तिथे त्यावर विक्रीकर नाही, आणि ते कायदेशीर चलन असल्यामुळे तिथल्या रहिवाशाला विकताना भांडवली नफ्यावरही कर लागत नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी लगडीऐवजी सॉव्हरिन घेण्यासाठी एवढे कारण पुरेसे आहे. भारतात घेताना 3 टक्के जीएसटी धरावा लागतो. विकण्याच्या बाबतीत अनुभव संमिश्र आहे. आजीच्या नाण्याचा नुसता भाव विचारला तेव्हा एका पेढीवर मला दागिन्याच्या मोडीप्रमाणे डाखाची, म्हणजे सांध्याला लावलेल्या मिश्रधातूची, घट कापण्याचे सांगण्यात आले. नाण्याला डाख नसतो, कारण त्यात जोडच नसतो. हे मी सांगितल्यावर दुसऱ्या वयस्क गृहस्थांनी नाणे हातात घेतले, दाते पाहिले, कसोटीवर घासायला नकार दिला आणि घट न धरता भाव सांगितला. म्हणून विकायला जाताना ज्यांना गिनी ओळखता येते अशाच सराफाकडे जावे, आणि मुंबईचे 'आय' असलेले नाणे तर नाणेसंग्राहकाला दाखवल्याशिवाय कुणालाही वजनावर देऊ नये.

शेवटी एक विनंती. आमच्या नात्यातल्या दोन घरांत अशाच गिन्यांना गळ्यात घालण्यासाठी वर कडी झाळलेली आहे. झाळताना डाख लागतो, काठाचे दाते त्या जागी वितळतात, कस बिघडतो, आणि मग सराफाने घट धरली तर त्याला दोष देता येत नाही. नाणे घालायचेच असेल तर सोनाराकडून बाहेरून धरणारे, स्क्रूने उघडणारे कोंदण करून घ्यावे. 2019 चे नाणे मुलीसाठी मी तसेच करून घेतले आहे. आजीचे मात्र डबीत आहे, आणि येत्या नवरात्रात ते पुन्हा टाकाशेजारी ठेवणार आहे.